दशावतारी, मोगल की नवग्रह? घरच्या संग्रहासाठी गंजिफा निवडताना

पत्रादेवीची सीमा ओलांडून बांद्यामार्गे सावंतवाडीत शिरले की मोती तलावाच्या काठी भोसले घराण्याचा राजवाडा लागतो. त्याच्या दरबार सभागृहात आजही कारागीर हातात बारीक कुंचला घेऊन गोल पानांवर मत्स्य, कूर्म, वराह रेखताना दिसतात. गोव्यातून तेथे जाणाऱ्यांपैकी काही जण गंजिफांची लाकडी पेटी घेऊन परततात, तर काही जण चौकटीत बसवलेली चार-दोन पाने. घरी आल्यावर ती दिवाणखान्यात मानाच्या जागी विराजमान होतात आणि बहुधा तेथेच राहतात. पेटी उघडून पाने वाटली जात नाहीत, कारण घरात कोणालाच तो खेळ ठाऊक नसतो.

पाश्चात्त्य देशांत जुनी पिनबॉल यंत्रे घरी जमवणारा एक वर्ग आहे. यंत्र घेण्यापूर्वी हे संग्राहक तीन गोष्टी पाहतात: ते खेळायला कसे आहे, त्यावर रंगवलेला विषय कोणता आणि त्याचे मोल पुढे टिकेल काय. खेळताच येत नाही असे यंत्र कितीही देखणे असले तरी त्यांच्या लेखी ते अपुरेच ठरते. घरात जतन करावयाच्या कोणत्याही खेळाला लावता येतील अशा या कसोट्या आहेत. आपल्या शेजारी घडणाऱ्या गंजिफेला मात्र आपण त्यांपैकी एकच, विषयाची, लावतो. खेळ आणि मोल या दोन्ही दृष्टींनी गंजिफा कशी पारखावी, याची माहिती येथे एकत्र दिली आहे.

पूर्वपीठिका

गंजिफा हा शब्द फारसीतून आला. भारतातील तिचा पहिला स्पष्ट उल्लेख बाबराच्या आत्मचरित्रात सापडतो. १५२७ मध्ये त्याने सिंधमधील शाह हसन याला गंजिफा पाठवल्याची नोंद तेथे आहे. पुढे अबुल फझलने ‘आईन-इ-अकबरी’त अकबराच्या दरबारातील बारा रंगांच्या, १४४ पानांच्या संचाचे वर्णन केले. त्यात अश्वपती, गजपती, नरपती, गढपती अशी रंगांची नावे आढळतात. येथे ‘रंग’ म्हणजे आपल्या बावन्न पत्त्यांतील इस्पिक, बदाम यांसारखा गट.

दरबारातून हा खेळ बाजारात उतरला, तसे त्याचे दोन घाट झाले. हस्तिदंत, कासवाची पाठ अशा महागड्या द्रव्यांवर सोन्याच्या वर्खाने रंगवलेला तो दरबारी, आणि कापडाचे किंवा कागदाचे थर खळीने चिकटवून केलेला तो बाजारी. हिंदू घरांत व संस्थानांत मोगल चिन्हांच्या जागी विष्णूचे अवतार आले आणि दशावतारी गंजिफा रूढ झाली.

सावंतवाडीत ही कला तिसरे खेम सावंत यांच्या कारकिर्दीत (१७५५ ते १८०३) रुजली, अशी परंपरा सांगते. गोव्याच्या वाचकाला हे नाव परके नाही. पेडणे महाल पोर्तुगिजांकडे गेला तो याच राजांच्या काळात, १७८८ मध्ये. त्यापूर्वी पेडणे, डिचोली आणि सत्तरी हे महाल भोसल्यांच्याच अमलाखाली होते. दशावतारी नाटक सीमेच्या दोन्ही बाजूंना जसे आपले मानले जाते, तशीच दशावतारी गंजिफाही या एकाच मुलखाची ठेव आहे.

विसाव्या शतकात छापील बावन्न पत्ते स्वस्त झाले आणि हाताने रंगवलेल्या पानांचे गिऱ्हाईक संपले. ही कला जवळजवळ लोपली असता शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराकडून ती शिकून घेतली आणि १९७० च्या दशकात राजवाड्यातच लाखकामाची कार्यशाळा उभी केली. आज सावंतवाडीच्या गंजिफेला भौगोलिक मानांकन आहे. मानांकनाने नावाला संरक्षण मिळते. कारागीर पूर्ण संच रंगवत राहणार की केवळ शोभेची पाने, हे मात्र घेणारा काय मागतो यावर ठरते.

खेळ कसा चालतो

कोणत्याही गंजिफेत प्रत्येक रंगाची बारा पाने असतात: राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतची दहा. राजा-प्रधानांच्या पानांवर आकृती असते, तर आकड्यांच्या पानांवर त्या रंगाचे चिन्ह तितक्या वेळा काढलेले असते. परशुरामाच्या सत्तीवर सात परशू, मत्स्याच्या तिर्रीवर तीन मासे. प्रत्येक रंगाची पार्श्वभूमी वेगळ्या वर्णाची असल्याने हातातील पाने लावताना नजरेला सोपे जाते.

नवख्या खेळाडूला गोंधळात टाकते ती पानांची चढण. राजा सर्वांत श्रेष्ठ व त्याखाली प्रधान हे सर्व रंगांत समान. मात्र अर्ध्या रंगांत प्रधानाखाली दश्शी, नव्वी असा उतरता क्रम लागतो, तर उरलेल्या अर्ध्यांत प्रधानाखाली एक्का, मग दुर्री आणि दश्शी सर्वांत तळाला. म्हणजे एका रंगात दुबळे असलेले पान दुसऱ्या रंगात बलवान ठरते.

खेळ बहुधा तिघांत रंगतो आणि वाटप व डाव उजव्या बाजूने फिरतात. दशावतारी गंजिफेत दिवसा खेळताना ज्याच्याकडे रामाचा राजा असेल तो प्रारंभ करतो, सूर्यास्तानंतर हा मान कृष्णाच्या राजाकडे जातो. मोगल गंजिफेत दिवसा सुर्ख म्हणजे सोन्याचे नाणे आणि रात्री सफेद म्हणजे रुप्याचे नाणे हे रंग अग्रमानाचे. बावन्न पत्त्यांप्रमाणे एखादा रंग संपूर्ण डावासाठी हुकूम ठरवला जात नाही. एखाद्या रंगाची वरची पाने खेळून गेली की त्या रंगात उरलेले सर्वांत मोठे पान हुकूम बनते. साहजिकच कोणती पाने गेली आणि कोणती कोणाच्या हाती असतील, हे मनात ठेवणाऱ्याची सरशी होते. नशिबाचा वाटा वाटपापुरता, पुढचा सारा भार स्मरणशक्तीवर.

गोल पाने बावन्न पत्त्यांसारखी पिसता येत नाहीत. ती चादरीवर पालथी पसरून दोन्ही हातांनी कालवतात आणि मग गोळा करून वाटतात. या कृतीत पाने एकमेकांवर घासली जातात, म्हणून त्यांवरील लाखेचा लेप मजबूत असावा लागतो.

संचांची तुलना

*मोगल गंजिफा, ९६ पाने.* ताज, सफेद, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात आणि किमाश असे आठ रंग. तिघांना प्रत्येकी ३२ पाने येतात, चौघांना २४. शिकण्यासाठी हा सर्वांत सोयीचा संच, कारण रंग कमी आणि स्मरणावरचा ताणही कमी. विषय मात्र दरबारी जीवनाचा: मुकुट, तलवार, वाद्य, दस्तऐवज, मालाचे गाठोडे. इतिहासाची आवड असणाऱ्याला त्यात रस वाटेल, पण घरातील मुलांना ही चिन्हे समजावून सांगावी लागतात.

*दशावतारी गंजिफा, १२० पाने.* दहा अवतारांचे दहा रंग. सावंतवाडीची खरी ओळख हीच. तिघांना ४० पाने येतात. इतकी पाने एका हातात सांभाळणे हीच पहिली परीक्षा, म्हणून चौघांत ३० पाने घेऊन बसणे बरे. चिन्हे ओळखीची असल्याने मुले ती लवकर शिकतात: मत्स्याला मासा, कूर्माला कासव, वामनाला कमंडलू, परशुरामाला परशू, रामाला बाण, कृष्णाला गाय. वराह, नृसिंह, बुद्ध व कल्की यांची चिन्हे मात्र निर्मितिकेंद्राप्रमाणे बदलतात, म्हणून संच घेताना ती विचारून कागदावर टिपून घ्यावीत. खेळ, विषय आणि मोल या तिन्ही कसोट्यांवर उतरणारा संच एकच निवडायचा झाला तर तो हा.

*नवग्रह गंजिफा, १०८ पाने.* दिसायला अत्यंत आकर्षक आणि भेट म्हणून लोकप्रिय. खेळाच्या दृष्टीने त्यात एक अडचण आहे. नऊ रंगांचे समान दोन भाग पडत नाहीत, त्यामुळे कोणत्या रंगात दश्शी मोठी आणि कोणत्या रंगात एक्का, हे आधी ठरवून घ्यावे लागते. दिवसा सूर्याने व रात्री चंद्राने प्रारंभ करण्याची सोय मात्र त्यात आपसूकच आहे. तिघांना ३६ आणि चौघांना २७ पाने येत असल्याने वाटप सोपे.

*राशी गंजिफा, १४४ पाने.* बारा राशींचे बारा रंग. पानांची संख्या अकबराच्या संचाइतकी. तिघांना ४८ पाने येतात, म्हणून ती चौघांखेरीज खेळू नये. मेष, वृषभ, मिथुन ही चिन्हे सर्वांना परिचित असली तरी १४४ पानांचा माग ठेवणे मुरलेल्या खेळाडूंचेच काम. रंगवण्याची मेहनत सर्वाधिक असल्याने तिची किंमतही चढी. पहिली खरेदी म्हणून ती घेऊ नये.

*गंजिफा शैलीतील बावन्न पाने.* चित्रकारी देशी, घडण पाश्चात्त्य पत्त्यांची. रमी, मेंढीकोट किंवा सात-आठ, जे घरात चालते ते या पानांनी खेळता येते. ज्या घरात नवे नियम शिकण्याची कोणाची तयारी नाही त्यांनी हा संच घ्यावा. दशावतारी पेटी आयुष्यभर बंद ठेवण्यापेक्षा ही पाने दर चतुर्थीला हाताळली जाणे केव्हाही चांगले. गंजिफेचा मूळ खेळ मात्र त्यांतून शिकता येत नाही, हे लक्षात असावे.

याखेरीज नक्श नावाचा एक छोटा खेळ आहे. त्यासाठी ४८ पाने पुरतात आणि पानांची ठरावीक बेरीज जमवणाऱ्याची जीत होते. पूर्वी तो पैजेने खेळला जाई. मुलांना पाने ओळखायला शिकवण्यासाठी पैजेवाचूनही तो उपयोगी पडतो.

प्रदेश आणि विषय

एकाच विषयाची मांडणी प्रदेशागणिक बदलते आणि संग्राहकाला आनंद मिळतो तो या फरकांतून.

ओडिशात या खेळाला गंजपा म्हणतात. रघुराजपूर, पुरी, सोनपूर येथे पटचित्रकारांच्या घरांत ही पाने घडतात. कापडावर चिंचोक्याची खळ आणि खडूची भुकटी देऊन केलेली ही पाने पेलायला हलकी असतात. आठ रंगांची अठरंगी, दहांची दशरंगी आणि बारांची बाररंगी असे प्रकार तेथे आहेत. रामायणावरील संचात एका बाजूला रामाचा पक्ष आणि दुसऱ्या बाजूला रावणाचा, अशी विभागणी दिसते. काही गावांतील वडीलधाऱ्या मंडळींत हा खेळ आजही चालतो, ही ओडिशाची सर्वांत मोठी जमेची बाजू. नियम पुस्तकातून न शिकता खेळणाऱ्यांकडून शिकावयाचे असतील तर तिकडे जावे.

पश्चिम बंगालमधील विष्णुपूर येथे मल्ल राजांच्या आश्रयाने दशावतारी ताश वाढला आणि फौजदार घराण्याने तो जपला. तेथील पाने आकाराने मोठी, रेखन ठसठशीत, आणि बुद्धाच्या जागी जगन्नाथाचे रूप. पाच खेळाडूंनी खेळण्याची तेथील रीत १२० पानांना उत्तम जुळते, कारण प्रत्येकाला २४ पाने येतात. मोठ्या पानांमुळे भिंतीवर लावण्यास हा संच शोभून दिसतो, पण लहान हातांना तो पेलत नाही.

म्हैसूरचे तिसरे कृष्णराज वडियार (१७९४ ते १८६८) यांनी या खेळाला सर्वाधिक विस्तार दिला. त्यांच्या ‘श्रीतत्त्वनिधी’ ग्रंथाच्या ‘कौतुकनिधी’ या भागात ‘छद’ नावाच्या अनेक खेळांचे वर्णन असून त्यांतील सर्वांत मोठ्या संचात ३६० पाने आहेत. इतकी पाने घेऊन खेळणारा घरगुती खेळाडू विरळाच. सूक्ष्म चित्रकारीसाठी म्हैसूरची पाने श्रेष्ठ मानली जातात, आणि त्यांनाही भौगोलिक मानांकन आहे.

विषय निवडताना घराचा भाव पाहावा, हे सर्वांत सोपे सूत्र. पांढुर्णा जिल्ह्यात सौंसरजवळच्या जामसांवलीला हनुमंताची निजलेली मूर्ती आहे आणि विदर्भातूनही मराठी भाविक तेथे दर्शनाला जातात. अशा हनुमानभक्त घराला संच भेट द्यावयाचा असेल तर ज्यात रामाचा रंग बाणाऐवजी वानराच्या चिन्हाने दाखवला आहे तो निवडावा. देशात अशी चिन्हपद्धतीही प्रचलित आहे. पेडण्यातील दशावतारी नाटकांवर पोसलेल्या घराला सावंतवाडीचाच संच जवळचा वाटेल. ज्या विषयाची कथा घरात सांगितली जाते, त्याची पाने मुले पुन्हापुन्हा मागतात.

मोल कसे पारखावे

नव्या संचाची किंमत चार गोष्टींवर ठरते: पानांची संख्या, राजा-प्रधानांच्या चित्रांतील बारकावा, पाने हाताने रंगवलेली आहेत की छापील, आणि पेटीचे काम. दोन संचांची तुलना करताना एकूण रकमेकडे न पाहता प्रत्येक पानाचा दर काढावा. तसे केल्यास १२० पानांचा महाग वाटणारा संच चौकटीतील चार पानांपेक्षा अनेकदा स्वस्त पडलेला दिसतो.

खरेदीपूर्वी पुढील गोष्टी न संकोचता तपासाव्यात.

पहिली, पाने मोजणे. चादर पसरून एकेका रंगाची ओळ लावावी आणि प्रत्येक ओळीत बारा पाने भरतात का ते पाहावे. एक पान कमी असले तरी खेळ अडतो, आणि हाताने मिसळलेला तोच रंग पुन्हा जुळवणे कारागिरालाही अवघड जाते.

दुसरी, चिन्हांची मोजणी. शोभेसाठी घाईने केलेल्या संचात अठ्ठीवर सातच चिन्हे आढळू शकतात. चित्र म्हणून ते खपून जाते, खेळात नाही.

तिसरी, पाठी. सर्व पानांच्या पाठी एकसारख्या असाव्यात. एखाद्या पाठीवर रंगाचा ओघळ किंवा डाग असला तर ते पान पालथे असतानाही ओळखू येते आणि डावातील प्रामाणिकपणा संपतो.

चौथी, लेप. दोन पाने एकमेकांवर ठेवून हलके दाबावीत आणि सरकवावीत. ती चिकटत असतील तर लाख पुरती सुकलेली नाही.

पाचवी, नियमपत्रिका. कोणते रंग कोणत्या चढणीचे, हे लिहून मिळते का ते विचारावे. मिळत नसेल तर विक्रेत्याकडून तोंडी विचारून आपण लिहावे आणि ती चिठ्ठी पेटीतच ठेवावी. पुढच्या पिढीसाठी त्या चिठ्ठीचे मोल पेटीइतकेच असेल.

जुने संच आणि कायदा

वाड्यांच्या माळ्यावर किंवा जुन्या वस्तूंच्या दुकानात कधी जुना संच गवसतो. मुंबईत स्थायिक झालेले कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन यांनी अशाच जुन्या गंजिफा आस्थेने जमवल्या, अभ्यासल्या, आणि १९८२ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात भारतीय गंजिफांचे प्रदर्शन भरले. जुन्या संचांचे महत्त्व अभ्यासकांना पटले ते अशा संग्रहांमुळे.

जुन्या संचात पूर्णतेला सर्वाधिक भाव असतो. त्यानंतर पाने मूळचीच आहेत ना, हे पाहावे. एखाद्या रंगातील दोन-तीन पानांची पार्श्वभूमी किंचित वेगळ्या छटेची असेल तर ती मागाहून रंगवून घातलेली असू शकतात. हे व्यंग नव्हे, उलट तो संच खेळला गेल्याचा पुरावा होय. मात्र विक्रेत्याने ते सांगितले पाहिजे. जुन्या पानांवर नवा रंग किंवा वार्निश कदापि चढवू नये.

पुरातन वस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षे किंवा त्याहून जुनी कलावस्तू पुरावस्तू ठरते. तिचा व्यापार करण्यास परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ती परदेशी नेता येत नाही. पोर्तुगाल, इंग्लंड किंवा आखातात नातेवाईक असलेल्या गोमंतकीय कुटुंबांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. आजोबांची पेटी सामानात टाकून विमानाने नेणे हा गुन्हा ठरू शकतो. हस्तिदंती पानांची खरेदी-विक्रीही कायद्याने बंद आहे. ती वारशाने घरात असतील तर विकण्याचा विचार न करता जाणकारांचा सल्ला घ्यावा.

कोकण-गोव्याच्या हवेत जपणूक

आपल्याकडील दमट हवा गंजिफेची वैरीण आहे. उष्णतेने लाख मऊ पडते, ओलाव्याने कागदाचे थर सुटतात, आणि खळीच्या वासाने कसर लागते. पावसाळ्यापूर्वी पाने कोरड्या मऊ कापडाने पुसून, रंगागणिक वेगळी करून, मधे पातळ आम्लविरहित कागद घालून ठेवावीत. पेटीत सिलिका जेलची पुडी असावी आणि ती वेळोवेळी बदलावी. पेटी बाहेरच्या भिंतीला लागून किंवा देवघरातील समईजवळ ठेवू नये. भिंतीवर लावलेल्या पानांवर थेट ऊन पडू देऊ नये. पाने चिकटलीच तर ओढून सोडवू नयेत, नाहीतर रंगासकट लेप निघून येतो. ती तशीच कारागिराकडे न्यावीत.

नियमित खेळल्याने पानांची हानी होते असा समज आहे. वस्तुतः वर्षानुवर्षे बंद राहिलेल्या पेटीतील पानेच अधिक चिकटतात, कारण त्यांना हवा लागत नाही. महिन्यातून एकदा पाने बाहेर पडली तर बिघाड वेळीच दिसतो आणि खेळही विसरला जात नाही.

निवड कशी करावी

तात्पर्य असे: शिकण्यासाठी मोगल ९६, घराण्याची ठेव म्हणून दशावतारी १२०, शोभा व भेटीसाठी नवग्रह, मुरलेल्या चौकडीसाठी राशी, आणि नियम शिकण्याची तयारी नसेल तर बावन्न पाने. मात्र काहीही घेतले तरी पूर्ण संच घ्यावा. चौकटीतील सुटी पाने सुंदर असतात आणि त्यांनीही कारागिराच्या हाती दोन पैसे पडतात. पण ग्राहकांची मागणी तेवढीच राहिली तर कारागिराला राजा आणि अवतारांच्या आकृतीच काढाव्या लागतील. परशुरामाची सत्ती किंवा मत्स्याची तिर्री रंगवण्याचे कारणच उरणार नाही, आणि त्या साध्या पानांबरोबर खेळही संपेल.

सावंतवाडीला पुढच्या वेळी जाल तेव्हा दशावतारी संच समोर मांडून घ्या, पाने मोजा, आणि रामाचा रंग कोणत्या चढणीचा हे कारागिरालाच विचारा. परतल्यावर तिसरा गडी शोधावा लागेल. घरातील एखाद्या शाळकरी मुलाला बसवा. पानांचा माग ठेवण्यात तो तुम्हाला लवकरच मागे टाकील.